पिकअपचे इंधन आणि मुळशीचा हिशेब

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात मालवाहू पिकअपला एकाच दिवसात दोन अगदी वेगळ्या रस्त्यांवर चालावे लागते. पूर्वेला हिंजवडी, भूगाव आणि पिरंगुट हा कारखाने, वसाहती आणि वाहतूक कोंडीचा पट्टा आहे, तर पौडच्या पुढे माले आणि ताम्हिणीकडे जाणारा रस्ता मुळशी धरणाच्या कडेने वळणे घेत, मुसळधार पावसाच्या प्रदेशातून कोकणात उतरतो. दूध, भाजीपाला, आंबेमोहर तांदूळ, विटा, लोखंडी सळ्या आणि कारखान्यांचे सुटे भाग अशी सगळी खेप वाहणाऱ्या या गाडीसाठी डिझेल इंजिन घ्यावे की पेट्रोल, हा प्रश्न वीस वर्षांपूर्वी विचारण्याचीही गरज नव्हती. आज मात्र त्याचे उत्तर गाडी रोज किती धावते यावर ठरते.

या दोन इंजिनांतील मूळ भेद इंधन पेटवण्याच्या रीतीत आहे. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचे मिश्रण साधारण दहा-अकरा पट दाबून ठिणगीने पेटवले जाते. डिझेल इंजिनात केवळ हवा सोळा ते अठरा पट दाबली जाते आणि त्या दाबाने तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. अधिक दाबामुळे उष्णतेतून अधिक काम निघते, शिवाय एक लीटर डिझेलमध्ये एक लीटर पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्के जास्त ऊर्जा असते, आणि या दोहोंमुळे लीटरमागे धावणारे किलोमीटर, म्हणजे व्यवहारातले ‘एव्हरेज’, वाढते. कमी फेऱ्यांवरही भरपूर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारी पिळाची ताकद, मिळत असल्याने भरलेली गाडी चढावर वरचेवर गिअर न बदलता ओढली जाते.

तांत्रिक गुणांइतकाच सरकारी दराचाही या पसंतीत वाटा होता. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत नियंत्रित राहिले, आणि मधल्या काळात, मे २०१२ मध्ये, दिल्लीत दोन्ही इंधनांच्या दरांतील अंतर लीटरमागे तीस रुपयांच्या वर गेले. एवढ्या सवलतीपुढे इंजिनाची तुलना करणे हा केवळ वेळेचा अपव्यय होता. टाटा मोटर्सने २००५ मध्ये आणलेली ‘एस’, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘छोटा हत्ती’, ७०२ घनसेंटिमीटरच्या दोन सिलिंडरी डिझेल इंजिनावरच उभी राहिली; मोठ्या मालासाठी महिंद्राची बोलेरो पिकअप अडीच लीटरच्या डिझेल इंजिनासह गावोगावी पोहोचली.

१ एप्रिल २०२० रोजी लागू झालेल्या भारत स्टेज सहा या उत्सर्जन मानकाने हे गणित मोडले. डिझेलच्या धुरातील काजळी अडवण्यासाठी गाळणी (डीपीएफ) आली, नायट्रोजन ऑक्साइड घटवण्याची उपकरणे आली, आणि काही गाड्यांत त्यासाठी युरियाचे द्रावणही वेगळ्या टाकीत भरावे लागू लागले. हा सगळा सरंजाम लहान इंजिनाला परवडत नाही; म्हणूनच मारुतीने ‘सुपर कॅरी’ या लहान मालवाहू गाडीचे ७९३ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन बंद करून पेट्रोल आणि सीएनजी ठेवले, आणि छोट्या हत्तीलाही पेट्रोलचा अवतार मिळाला. 

गाळणीचा स्वभाव मालकाने ओळखला पाहिजे. साचलेली काजळी जाळण्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो, आणि त्यासाठी गाडी काही काळ सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. दर फर्लांगावर थांबून दुधाचे कॅन उचलणाऱ्या, किंवा भूगावच्या कोंडीत अर्धा दिवस अडकणाऱ्या गाडीत तसे घडत नाही. गाळणी तुंबते, दिवा लागतो, आणि दुरुस्तीच्या खर्चासोबत बुडालेले भाडेही मोजावे लागते.

हिशेबापुरते असे धरू की डिझेल नव्वद रुपये आणि पेट्रोल एकशे चार रुपये लीटर आहे, तसेच एकाच वजनाच्या गाड्यांना अनुक्रमे चौदा आणि अकरा किलोमीटरचे एव्हरेज मिळते. तेव्हा किलोमीटरमागे सुमारे साडेसहा आणि साडेनऊ रुपये लागतात, म्हणजे तीन रुपयांचा फरक. डिझेल गाडी एक लाखाने महाग असेल, तर तेहतीस-चौतीस हजार किलोमीटरनंतर ती रक्कम वसूल होते. भाड्याने रोज शंभर किलोमीटर गाडी चालवणारा ते सव्वा वर्षाच्या आत गाठतो. आठवड्यातून दोनदा बाजार गाठणारा शेतकरी, ज्याची गाडी वर्षाला आठ हजार किलोमीटर चालते, त्याला चार वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि त्यात कर्जावरचे व्याज धरलेले नाही. अमेरिकेत जड पिकअपच्या डिझेल इंजिनासाठी दहा हजार डॉलरच्या आसपास अधिक द्यावे लागतात आणि तेथे डिझेल बहुधा पेट्रोलपेक्षा महागच असते. त्यामुळे सतत जड ओझे ओढणाऱ्यालाच ते तेथे परवडते.

तिसरा पर्याय सीएनजीचा. एक किलो वायूत एक लीटर पेट्रोलच्या दीडपट ऊर्जा असल्याने तो स्वस्त पडतो, परंतु वायू सिलिंडरमधील हवेची जागा घेतो, म्हणून ताकद सुमारे दहा टक्के घटते. टाकीचे वजन मालाच्या क्षमतेतून वजा होते, आणि तिची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते. सपाट रस्त्यावरच्या फेरीला तो चांगला आहे. भरलेल्या गाडीने घाट चढायचा असेल, तर मोठ्या डिझेलचाच पर्याय शहाणपणाचा. उतारावर मात्र ‘डिझेल गाडी गिअरमध्येच अडते’ ही समजूत जितकी पसरली आहे तितकी खरी नाही: हवा अडवणारी झडप पेट्रोल इंजिनात असते, डिझेलात बहुधा नसते, त्यामुळे एक्झॉस्ट ब्रेक नसलेल्या लहान डिझेल पिकअपनेही ताम्हिणी घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा.

पुनर्विक्रीत जुन्या डिझेल गाडीला गावात अजून चांगली मागणी आहे, कारण तिचा पंप आणि नोझल उघडणारा मेस्त्री सहज मिळतो. भारत स्टेज सहाच्या गाडीचे सेन्सर वाचायला मात्र स्कॅनर लागतो, आणि गाळणी बदलण्याची पाळी बहुधा दुसऱ्या मालकावर येते; खरेदीदार भाव पाडून तो खर्च पहिल्याकडूनच आगाऊ वसूल करतो.