तीन थरांची पिशवी

शरद ऋतू सरत आला, म्हणजे अमेरिकेतील घरांच्या पायऱ्यांवर मोठमोठे केशरी भोपळे मांडलेले दिसू लागतात. भोपळ्यातील गर काढून त्याच्या सालीवर डोळे, नाक आणि विचकलेले दात कोरलेले असतात. आत दिवा ठेवला, की अंधारात तो चेहरा जिवंत वाटतो. ३१ ऑक्टोबरच्या सायंकाळी मुले भुताखेतांचे, चेटकिणींचे, पशुपक्ष्यांचे वेष घेऊन घरोघर हिंडतात. 'खाऊ द्या, नाही तर खोडी काढू!' अशी लटकी धमकी ती दाराशी उभी राहून देतात, आणि घरची माणसेही हसतहसत त्यांच्या पिशव्यांत गोळ्या व चॉकलेटे टाकतात. या सणास 'हॅलोवीन' असे म्हणतात.

१ नोव्हेंबर हा ख्रिस्ती धर्मातील सर्व संतांच्या स्मरणाचा दिवस होय. जुन्या इंग्रजीत संताला 'हॅलो' अशा अर्थाचा शब्द होता. त्या दिवसाची पूर्वसंध्या, म्हणून हॅलोवीन. आयर्लंड आणि स्कॉटलंड या देशांत त्याहीपूर्वी याच सुमारास सुगीचा शेवट व हिवाळ्याचा आरंभ साजरा करीत असत. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने बुडू लागले आणि भीषण दुष्काळ पडला. लक्षावधी लोक पोट भरण्यासाठी अमेरिकेस गेले. जाताना त्यांनी आपले सणही बरोबर नेले. मायदेशी ते सलगमाच्या कंदावर चेहरे कोरीत. नव्या देशात कोरण्यास अधिक सोपा असा भोपळा मिळाला, आणि तोच या सणाचे चिन्ह होऊन बसला.

या सायंकाळी मुलांना वेषाइतकीच महत्त्वाची असते ती खाऊची पिशवी. कागदी पिशवी दवाने भिजली, की तिचा तळ फाटतो आणि मोठ्या कष्टाने जमविलेला खाऊ रस्त्यावर पसरतो. म्हणून अनेक घरांतील आई, आजी किंवा आत्या मुलासाठी कापडाची जाड, टाके घातलेली पिशवी शिवून भेट देतात.

अशा पिशवीचे कापड तीन थरांचे असते. वरचा थर रंगीत तुकड्यांचा, मधला कापसाच्या पातळ गादीचा आणि खालचा मांजरपाटासारख्या साध्या कापडाचा. हे तिन्ही थर टाक्यांनी एकत्र बांधणे हे या कामाचे मर्म होय. टाके नसतील, तर धुताना आतला कापूस सरकून एका कोपऱ्यात गोळा होईल. टाक्यांमुळे तो जागच्या जागी राहतो, कापडाला ताठपणा येतो आणि भार सर्वत्र वाटला जातो.

प्रथम वरच्या थरासाठी केशरी, काळ्या व जांभळ्या कापडाचे साडेचार इंची चौकोन कापतात. एका बाजूस चार ओळींत चार-चार असे सोळा, म्हणजे दोन्ही बाजूंस मिळून बत्तीस चौकोन लागतात. प्रत्येक कडेचा पाव इंच शिवणीत जातो आणि चौकोन चार इंचांचा उरतो. पाव इंचाचा हा नियम कटाक्षाने पाळावा लागतो. शिवणीत प्रत्येक तुकड्याचे केवळ अर्धे सूत अधिक गेले, तरी एका जोडात एक सूत आणि ओळीतील तीन जोडांत तीन सूत कापड कमी होते. मग एक ओळ आखूड, दुसरी लांब, अशी स्थिती होऊन चौकोनांचे कोपरे एकमेकांशी जुळत नाहीत. चूक लहान असताना ती दिसत नाही; पट पुरा झाल्यावर मात्र ती लपत नाही.

पट तयार झाला, की काळ्या मांजराचा, वटवाघळाचा किंवा चंद्राचा आकार कापून त्यावर शिवतात. नंतर कापूस व मांजरपाट पटापेक्षा थोडे मोठे कापून त्याखाली अंथरतात, कारण टाके घालताना कापड किंचित आक्रसते. प्रथम तिन्ही थर कच्च्या दोऱ्याने टाचून घेतात. पक्के टाके मध्यापासून कडेकडे घालीत जातात. कडेपासून आत येऊ लागल्यास सुरकुत्या मध्यभागी अडकून बसतात. मध्यापासून आरंभ केल्यास त्या बाहेर निघून जातात. टाके पुरे झाले, की वाढीव कडा कापून टाकतात.

पुढे दोन्ही पटांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून तीन बाजूंनी टीप मारतात. त्याच मापाचे अस्तरही शिवतात. मात्र त्याच्या तळाशी सहा इंचांची फट मोकळी ठेवतात. चार इंच रुंदीच्या पट्ट्या चौपदरी घडी घालून शिवल्या, की एक इंच रुंदीचे मजबूत बंद होतात. बंदांची टोके पिशवीच्या तोंडाशी टाचून घेतात. मग उलट्या अस्तरात सुलट पिशवी बसवून तोंडाभोवती टीप घालतात, आणि तळाच्या फटीतून सारी पिशवी ओढून बाहेर काढतात. आतापर्यंत झाकलेले बंद तेव्हा वर येतात. शेवटी फट शिवली, की काम संपते.

बंद जेथे जोडलेले असतात, तेथेच सारा भार येतो. म्हणून तेथे पुढेमागे तीनदा टीप घालणे आवश्यक असते. दुसरी दक्षता याहूनही मोलाची आहे. मुले काळोखात रस्ते ओलांडतात, आणि पिशवी तर बहुधा काळीच असते. जाणती माणसे तिच्या दोन्ही बाजूंस प्रकाश परतविणारी पांढरी पट्टी शिवतात. मोटारीच्या दिव्यांच्या झोतात ती पट्टी दुरूनच चमकते आणि चालकाला वेळीच सावध करते.

ही कला महाराष्ट्रालाही परकी नाही. जुनी लुगडी व धोतरे एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी याच तत्त्वावर तयार होते. तिचे अनेक थर टाक्यांनीच एकजीव होतात. अमेरिकेत १९व्या शतकात शेजारणी एकत्र जमून गोधड्यांना टाके घालीत. काम आणि गप्पा बरोबरीनेच चालत. तेथे काय किंवा येथे काय, कापडाचा लहानसा तुकडाही वाया जाऊ न देणे, हीच या कलेची मूळ प्रेरणा होय.

पिशवीच्या चौकोनांत कधी मुलाच्याच आखूड झालेल्या सदऱ्याचे किंवा झग्याचे कापड असते. ते पाहून मूल आपला जुना कपडा ओळखते. बाजारातील पिशवी काही क्षणांत विकत घेता येते. ही पिशवी शिवण्यास अनेक संध्याकाळ लागतात, आणि त्या प्रत्येक संध्याकाळी शिवणाऱ्याच्या मनात एकाच मुलाचा विचार असतो. सण एका रात्रीत संपतो, खाऊही चार दिवसांत संपतो. पिशवी मात्र धुऊन, घडी घालून पेटीत ठेवली जाते, आणि पुढील वर्षी ते मूल किंवा त्याचे धाकटे भावंड तीच पिशवी हाती घेऊन दारोदार निघते.