हँडब्रेकची वायर शेवटी ताणा



ऊसविकास विभागाचा माणूस ब्रेकवर कशाला लिहितोय, असं आपल्याला वाटेल. वाटणं रास्त आहे. आम्ही शेतकी पदविकेचे. लागण, खोडवा, बेणेप्रक्रिया, हुमणी हे आमचे विषय. पण बेणं मळ्यातून आपल्या सरीपर्यंत जातं ते गाडीनं, आणि ती गाडी उतारावर उभी केली तर उभी राहिली पाहिजे. आमच्यादेखत एक गाडी उभी राहिली नाही. त्यात चूक आमचीही होती, म्हणून हे लिहायचं धाडस करतो आहोत.

गाडी आपल्याच एका सभासदांची, जुनी 407. टेल्कोनं हे मॉडेल 1986 साली बाजारात आणलं, त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गाडी. तिचे ड्रायव्हर तात्या तिला बैलासारखं जपतात. पूर्वहंगामी लागणीचे दिवस होते, टोळ्या नुकत्याच उतरल्या होत्या. बेणं तोडून पडलेलं आणि नेमके मागचे लायनर संपले. गाडी गॅरेजला घातली. आम्ही तिथंच ठाण मांडून बसलो आणि पोराच्या मागं घाई लावली.

काम झालं तेव्हा थाळीत एक लोखंडी पट्टी उरली होती. पोरगं म्हणालं, "साहेब, ही जादा दिसतीया." आम्ही म्हटलं, असेल. पायाचा ब्रेक चांगला लागत होता. हँडब्रेकचा दांडा मात्र फार वर येत होता. पोरानं खालून वायर ताणून तो जागेवर आणला. रिकामी गाडी गॅरेजच्या दारात थांबली. झालं, आम्ही निघालो.

तिसऱ्या खेपेला भरली गाडी माळाच्या उतारावर उभी केली. गियरमध्ये टाकायचं राहून गेलं, चाकाखाली धोंडाही लावला नाही. डाला उघडेपर्यंत गाडी हलली. खाली टोळीची टायरगाडी सोडलेली होती आणि तिच्या खाली लेकराची झोळी बांधलेली. टायरगाडीचं जू मोडलं, साटा चेपला, मग आपली गाडी बांधाला जाऊन अडली. झोळी चाकाखाली सापडली. लेकरू झोळीत नव्हतं. पाजायला म्हणून आईनं त्याला घटकाभरापूर्वी उचललं होतं. ती बाई आम्हांला एक शब्द बोलली नाही. मुकादम बोलला, आणि त्याचं ऐकून घेण्यावाचून आमच्याकडं उत्तर नव्हतं.

ती पट्टी कशाची होती?

दुसऱ्या दिवशी आम्ही एका निवृत्त फिटरना घेऊन ड्रम उघडला. थाळीतली पट्टी त्यांना दाखवली. ते एवढंच म्हणाले, "साहेब, ड्रममध्ये जादा काही नसतं."

पायाचा ब्रेक दाबला की ब्रेक ऑईल व्हील सिलिंडरमध्ये जातं आणि सिलिंडर दोन्ही शू बाहेर ढकलून ड्रमला टेकवतो. हँडब्रेकचा मार्ग वेगळा आहे. दांड्यानं वायर ओढली जाते, वायर ड्रममधली तरफ ओढते. ही तरफ एका शूला पिननं अडकवलेली असते. तरफ आणि समोरचा शू यांच्यामध्ये एक आडवी पट्टी असते. तरफ त्या पट्टीला रेटते, म्हणून दोन्ही शू फाकतात. पट्टीच नसेल तर तरफ नुसती हवेत फिरते. पायाचा ब्रेक तरीही उत्तम लागतो आणि म्हणूनच माणूस फसतो. आमच्या गाडीचं एकच मागचं चाक धरत होतं. रिकाम्या गाडीला तेवढं पुरलं, भरल्या गाडीला पुरलं नाही.

दांडा वर येत होता तेव्हा गाडी आम्हांला सांगत होती की आत काहीतरी चुकलंय. आम्ही वायर ताणून तिचं तोंड बंद केलं.

जोडणीचा क्रम

फिटरनी आमच्याकडून दोन्ही बाजू पुन्हा करून घेतल्या. पाना धरणारे आपल्यात पुष्कळ आहेत, म्हणून क्रम देतो. ज्यांना सवय नाही त्यांनी स्वतः करू नये, पण शेजारी उभं राहून पाहावं.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, कारण या कामात हँडब्रेक सोडलेला असतो. गाडी घट्ट जमिनीवर उचला आणि घोडीवर ठेवा. नुसत्या जॅकवर विसंबून खाली जाऊ नका. एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू नमुना म्हणून तशीच राहू द्या. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, तर स्प्रिंगा काढण्याआधी फोटो काढून ठेवा.

ड्रममधली धूळ हवेनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुफ्फुसाला घातक आहे. फडकं ओलं करून पुसा. सिलिंडरचे रबरी भाग डिझेल-पेट्रोलनं धुवू नका, रबर फुगतं. त्यांना ताजं ब्रेक ऑईलच चालतं. सिलिंडरची रबरी टोपी उचलून पाहा. आत ओल असेल तर सिलिंडर गळतोय. हबची ऑईल सील गळत असेल तर आधी ती बदला, नाहीतर नवे लायनर आठवड्यात तेलकट होतील. तेल प्यालेला लायनर भाजून वापरायची रीत आहे, ती सोडा. आणि लायनर बदलायचे ते दोन्ही बाजूंचे एकदम, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते.

बॅक प्लेटवर शू जिथं घासतात त्या उंचवट्यांना उष्णता सोसणारं ग्रीस बोटानं नुसतं पुसा. लायनरला ग्रीसचा हात लागता कामा नये. दोन शू सारखे दिसले तरी पुढचा-मागचा असा फरक असू शकतो. फोटो पाहूनच बसवा. तरफ शूवर मोकळी फिरते ना ते पाहा आणि तिच्या पिनचं लॉक नवं घाला. वायरचं टोक तरफेत अडकवा. मग ती आडवी पट्टी. तिच्या दोन्ही टोकांच्या खाचा तरफेत आणि शूमध्ये नीट बसल्यात हे डोळ्यांनी पाहून बोटानंही चाचपा. स्प्रिंगा ताण गेलेल्या किंवा तापून निळ्या पडलेल्या असतील तर फेकून द्या. ज्या गाडीत दातेरी चाकाचा ॲडजस्टर आहे, तिथं डावा-उजवा बदलू देऊ नका. त्यांचे आटे उलटसुलट असतात.

ड्रम चढवण्याआधी थाळी पाहा. थाळी रिकामी पाहिजे.

वायरची पाळी

इथंच बहुतेकांचं चुकतं. सरी पाडायच्या आधी कुणी लागण करतं का? तसंच हे आहे. आधी ॲडजस्टरनं शू ड्रमजवळ आणा. चाक किंचित घासू लागलं की मोकळं फिरेपर्यंत मागं घ्या. ऑईलची लाईन उघडली असेल तर हवा काढा. पेडल चारदोनदा दाबून शू मध्यावर येऊ द्या आणि चाक पुन्हा फिरवून पाहा.

यानंतर वायर. दांडा पूर्ण खाली, दोन्ही तरफा आपल्या जागेवर टेकलेल्या, अशा स्थितीत फक्त ढिलाई काढा. वायर आधीच ताणली तर तरफ टेकत नाही, शू कायम थोडे फाकलेले राहतात आणि लायनर चालता चालता जळतात. वायर बाहेरून गंजली असेल, तार सुटली असेल तर बदला. हंगामात चिखल आणि पाचटाचा भुगा तिच्या नळीत बसतो.

शेवटी, मागची चाकं अजून उचललेली असतानाच दांडा ओढा आणि प्रत्येक चाक वेगवेगळं हातानं फिरवून पाहा. दोन्ही अडली पाहिजेत. दांडा सोडल्यावर दोन्ही मोकळी फिरली पाहिजेत. आम्ही ही एवढी पारख त्या दिवशी केली असती तर पट्टी थाळीत सापडली असती. त्यानंतर गाडी आधी रिकामी, मग भरून हलक्या उतारावर तपासा. त्या वेळी एक माणूस ठोकळा घेऊन बाजूला उभा ठेवा. मागं नको, बाजूला.

फिटनेसचा कागद गाडीत असतोच, पण कागद उतारावर चाक धरत नाही. म्हणून ब्रेक कितीही चांगला असला तरी गाडी उभी करताना गियर आणि ठोकळा सोडू नका. तात्यांनी आता बाभळीचे दोन ठोकळे डाल्याला दोरीनं बांधून ठेवलेत. टोळीच्या बायकांना झोळी गाड्यांच्या उताराला न बांधता वरच्या अंगाला बांधायला सांगा. त्यांना सावली लागते, ती सोय आपण करून देऊ शकतो.

मोळी टाकायच्या आधी ज्यांच्या गाड्या जुन्या आहेत त्यांनी दांडा किती वर येतो ते एकदा पाहावं. जास्त वर येत असेल तर वायरला हात लावू नका, ड्रम उघडा. टायरगाडीचं जू आम्ही भरून दिलं. ती पट्टी आमच्या टेबलाच्या खणात होती, ती फिटरनी मागून घेतली आणि तिच्या जागी बसवली. आता खणात काही नाही, आणि तेच बरं आहे.