खाण कुणाच्या हाती?

"सर, उद्या एखाद्या शेटनं आमची खान इकत घेतली त मंग?" वणी तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याने भर वर्गात विचारले. त्याचे वडील कोळसा खाणीत आहेत.

उत्तर भागांच्या हिशेबात आहे, आणि हा हिशेब आपल्या घरांत कधी आलाच नाही. बाबासाहेबांनी तरुणपणी मुंबईत भागबाजाराचा सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार महार आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले!

वणीच्या सरकारी खाणी वेस्टर्न कोलफील्ड्सच्या. तिची मालकी कोल इंडियाची. कोल इंडियाचे 10 टक्के भाग 2010 साली बाजारात आले, पुढे आणखी विकले गेले. तरी निम्म्याहून अधिक भाग आजही केंद्र सरकारकडे आहेत. म्हणजे बाजारातले झाडून सगळे भाग कुणी गोळा केले, तरी ताबा मिळत नाही. मोठा भागधारक 'नाही' म्हणाला की बोली तिथेच संपते.

आणि तो 'हो' म्हणाला तर? गोव्यात पाहा. लोहखनिज काढणाऱ्या सेसा गोवा कंपनीचे 51 टक्के भाग मित्सुई या जपानी कंपनीच्या हाती होते. 2007 साली वेदांताने ते सुमारे 98 कोटी डॉलरना घेतले. सौदा दोघांत झाला. उरलेल्या भागधारकांची संमती लागली नाही.

लहान भागधारकाला कायद्याने एक आधार दिला होता. सेबीच्या 1997 च्या नियमांप्रमाणे 15 टक्क्यांची मर्यादा गाठणाऱ्याला आणखी 20 टक्क्यांसाठी सर्वांपुढे खुला देकार ठेवावा लागे, आणि तोही मोठ्याला दिलेल्या दराहून कमी नाही. पण यातही मेख होती. 'पुन्हा या धंद्यात उतरणार नाही' या वचनापोटी मोठ्या विक्रेत्याला देकाराच्या 25 टक्क्यांपर्यंत जादा रक्कम देता येई. 2011 च्या नियमांनी ही वाट बुजवली. मर्यादा 25 टक्के झाली, देकार किमान 26 टक्क्यांचा.

हे सारे फळ्यावर मांडल्यावर त्याच मुलाने विचारले, "मंग खुला देकार आमाले येईन का?"

देकार भागधारकाला येतो. खाणीसाठी जमीन देणाऱ्याला मोबदला मिळतो, एकराच्या हिशेबाने नोकरी मिळते. भाग मिळत नाही. त्याच्या आजोबांच्या नावे तर सातबाराही नव्हता.