पडद्यावरची चिमुकली सून

श्रोतेहो, २०१२ साली रमाबाई रानडे यांच्या जीवनावरील 'उंच माझा झोका' ही मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली, तेव्हा कासा येथील आमच्या घरी रोज रात्री शेजारची मंडळी ती पाहावयास जमत. त्यांत सात-आठ वर्षांची एक मुलगी असे. नऊवारी नेसलेली, नथ घातलेली चिमुकली नवरी पाहून एके दिवशी ती म्हणाली, "माझंही असंच लग्न करा ना!" सारे हसले. मला मात्र हसू आले नाही.

स्त्रीवरील जुना अन्याय दाखविणाऱ्या अशा मालिकांनी त्या अन्यायाची चीड उत्पन्न होते, की तोच अन्याय दागिने लेऊन साजरा दिसू लागतो? माझ्या अल्प मतीप्रमाणे, अन्याय दाखविला एवढ्यावरून काहीच ठरत नाही. दुःख कोणाच्या बाजूने दाखविले आणि दोष कोणाच्या पदरी घातला, यावर सारे अवलंबून आहे.

आपल्या रंगभूमीचेच उदाहरण घ्या. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले. त्या वेळी मुंबई इलाख्यात मुलीच्या विवाहवयाला कायद्याची मर्यादा नव्हती. देवलांनी बोहल्यावर चढू पाहणारा म्हातारा असा रंगविला की, प्रेक्षक पोट धरून हसले. पण आपण भुजंगनाथ व्हावे, असे त्यांतील एकालाही वाटले नसेल. पुढे १९२९ साली बालविवाहास आळा घालणारा कायदा झाला. हरबिलास सारडा यांच्या नावावरून तो 'सारडा कायदा' म्हणून ओळखला गेला. शारदेच्या नावाशी त्याचे साम्य केवळ योगायोगाचे. १९३७ साली व्ही. शांताराम यांच्या 'कुंकू' बोलपटात तर शांता आपटे यांच्या नायिकेने जरठ पतीला पती मानण्यासच नकार दिला. ज्या गोष्टीत मुलगी स्वतः 'नाही' म्हणते, ती गोष्ट ऐकून रूढी भली होती असे कोणास वाटेल?

आता मालिकेकडे वळू. १८७३ साली रमाबाईंचे लग्न झाले, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि न्यायमूर्ती एकतीस वर्षांचे विधुर. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकविली. पुढे त्यांनी पत्नीला शिकविले, घरातील बायकांनी त्या शिक्षणाला विरोध केला, ही हकीकत रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत आहे. मालिकेने ती घरोघरी पोहोचविली, हे तिचे उपकारच मानावयास हवेत.

तथापि एक उणीव मनाला टोचते. वाड्यातील विधवांचे कडू बोल आपल्याला रोज ऐकू येतात. परंतु त्यांचे आयुष्य कडू कोणी केले, ते पडद्यावर क्वचितच दिसते. शास्त्राधार सांगणारे पुरुष पाहुण्यासारखे येतात आणि जातात. दोष मात्र बायकांच्या माथी मारला जातो. शिवाय पती प्रेमळ, म्हणून प्रेक्षक बालविवाहालाच क्षमा करून बसतो. रमाबाई तरल्या त्या पती भला मिळाला म्हणून, प्रथा भली होती म्हणून नव्हे. हा भेद पुसला गेला की तीच मालिका रूढीची वकिली करू लागते.

पडद्यावरचा भूतकाळ बहुधा एकाच वाड्याचा असतो, हेही विसरू नये. आमच्या डहाणू भागातील वारली समाजात विधवेचा पुनर्विवाह रूढीलाच मान्य होता आणि लग्नाचे विधी धवलेरी ही स्त्री गाणी गाऊन चालविते. म्हणजे पुण्यात ज्यासाठी वाद माजले, ते इकडे सहज घडत होते. याचा अर्थ आमच्या मुली सुखात होत्या, असा मात्र नव्हे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गात एक अत्यंत हुशार मुलगी होती. दिवाळीच्या सुटीनंतर तिची जागा रिकामी राहिली. लग्न ठरले, असे कळले. मुलीचे वय अठरा हवे, हा कायदा मी जाणत होतो. तरी मी तिच्या घरी गेलो नाही. हजेरीपटावरील तिच्या नावावर तांबड्या शाईची रेघ ओढली आणि पुढचा धडा घेतला. तिला शिव्या देणारी सासू तिथे नव्हती, पाषाणहृदयी बापही नव्हता. होते ते माझ्यासारखे गप्प बसणारे भले लोक. मालिकेत अशी पात्रे सहसा नसतात, म्हणून आपण तिच्यात स्वतःला ओळखत नाही.

तेव्हा श्रोतेहो, अशा मालिका बंद करा, असे माझे सांगणे नाही. मुलांसह पाहा, मात्र भाग संपल्यावर त्यांना दोन प्रश्न विचारा. या मुलीला कोणी विचारले होते काय? ती 'नाही' म्हणाली असती, तर काय झाले असते?

मी ते त्या शेजारच्या मुलीला विचारले. ती पुष्कळ वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तिची शाळा कुठं होती?" तिला उत्तर देताना माझ्या डोळ्यांपुढे ती तांबडी रेघ होती.