अठरा पाकिटं, पाच जण

बॉक्स फोडण्याआधी भांडण झालेलं बरं. फोडल्यावर झालं, तर माणसं कायमची दुरावतात. म्हणून आमच्याकडे आधी नियम ठरतात, ते वहीत उतरवले जातात आणि मगच टेबलावर ब्लेड येतं.

जागा पुण्यात, कर्वेनगरातल्या एका फ्लॅटचा हॉल. वेळ रविवार दुपारची. टेबलाभोवती एक दंतवैद्य, एक आयटीवाला, त्याचा नववीतला मुलगा, बँकेतून निवृत्त झालेले काका आणि मी. मध्ये टॉप्स कंपनीच्या ‘क्रोम’ मालिकेचा फुटबॉलचा बॉक्स. युरोपातल्या क्लबांच्या खेळाडूंची कार्डं. १८ पाकिटं, पाकिटात ४ कार्डं, म्हणजे एकूण ७२. त्यातलं एक कार्ड खेळाडूच्या सहीचं. पैसे पाचांचे सारखे. १८ ला ५ नं भाग जात नाही, ७२ लाही जात नाही आणि सही तर एकच. भांडायला एवढं पुरतं.

वाटपाच्या तीन रीती आहेत. पहिली सरळ: पाळीपाळीनं पाकीट उचलायचं, निघेल ते आपलं. यात कोणाला बोल लावता येत नाही, पण मजाही लवकर संपते. दुसरी चिठ्ठ्यांची: फोडण्याआधीच क्लब वाटून घ्यायचे. हल्ली ऑनलाइन चालणारे ‘ब्रेक’ याच रीतीचे. तिथे अनोळखी माणसं एकेका संघाचे पैसे भरतात आणि दुसरा कोणी कॅमेऱ्यासमोर बॉक्स फोडतो. रिअल माद्रिदची चिठ्ठी निघालेला खूश, आणि कुठल्या तरी छोट्या क्लबावर समाधान मानणारा दुपारभर चहा ओतत बसतो. तिसरी रीत आमची. सगळी पाकिटं फोडायची, सगळी कार्डं सतरंजीवर मांडायची आणि क्रमानं एकेक उचलायचं. पहिल्या फेरीत पहिल्यापासून पाचव्यापर्यंत, दुसऱ्या फेरीत पाचव्यापासून उलट. क्रम ठरवायला स्टीलच्या वाटीत चिठ्ठ्या. काकांनी आयुष्यभर भिशी चालवली आहे. त्यांच्या मते हीसुद्धा भिशीच, फक्त हातात रोकड येत नाही.

फोडायचं काम दंतवैद्याचं. ते त्याच्याकडे कोणी सोपवलं नाही, आपसूक गेलं. तो हात धुऊन पूर्ण कोरडे करतो. चिवडा आणि बाकरवडी तोवर स्वयंपाकघरात अडकून पडलेली. आधी खोक्यावरचं प्लॅस्टिक उजेडात फिरवून बघायचं: आवरण कारखान्यातलं आहे, की कोणी आधीच उघडून पुन्हा गुंडाळलंय? मग ब्लेडचं टोक फक्त प्लॅस्टिकपुरतं. पाकिटाला ब्लेड लागत नाही, कात्री तर नाहीच. पाकिटाच्या पाठीवर एक उभी जोड असते. ती दोन्ही अंगठ्यांनी हळूच विलगायची आणि कार्डं एकत्रच बाहेर काढायची, बोटं फक्त कडांवर. चकचकीत पृष्ठभागावर अंगठ्याचा ठसा उमटला, की तो पुसताना बारीक चरे पडतात.

कार्डं पालथी ठेवूनच एकावरून एक सरकवली जातात. साधं कार्ड पाठ पाहूनच कळतं. मजा असते ती क्रमांक छापलेल्या कार्डात. पाठीवर ‘३७/५०’ असं काही दिसलं, की हॉलमधली बडबड थांबते: या खेळाडूची या रंगात ५० कार्डं छापली, त्यातलं हे ३७ वं. सोनेरी ५०, नारिंगी २५ आणि ‘सुपरफ्रॅक्टर’ जगात एकच. कार्ड तिरकं धरलं, की पाण्यावरच्या तेलासारखे रंगीत पट्टे सरकतात. त्या चमकीला ‘रिफ्रॅक्टर’ म्हणतात. टॉप्सनं ती १९९३ मध्ये बेसबॉलच्या कार्डांवर पहिल्यांदा आणली.

“बाबा, सही!” अकराव्या पाकिटाला मुलगा ओरडला. सगळे पुढे वाकले. निळ्या शाईतली गिरगिट, पारदर्शक स्टिकरवर. बहुतेक वेळा खेळाडू कार्डं हातात घेतच नाही. स्टिकरच्या तावांवर सह्या करून पाठवतो, आणि कारखान्यात एकेक स्टिकर कार्डावर चिकटतो. सही होती अशा एका बचावपटूची, ज्याचं नाव आमच्यापैकी कोणालाच धड उच्चारता येईना.

“चालायचंच,” काका म्हणाले. “पुढचं फोड.”

अठरा पाकिटं संपली. कार्डं सतरंजीवर रांगेनं आली, वाटी फिरली आणि पहिली चिठ्ठी काकांची निघाली. बाहेरच्या माणसाला वाटेल, ते सहीचं कार्ड उचलतील. त्यांनी साधा, बिनक्रमांकाचा गोलकीपर उचलला. काका फक्त गोलकीपर जमवतात. आयटीवाल्याला पहिल्या मोसमातले खेळाडू हवे असतात, ज्यांना ‘रुकी’ म्हणतात. मुलाला बार्सिलोना सोडून जगात दुसरा क्लब आहे हेच मान्य नाही. दंतवैद्य डावखुऱ्या पायाचे खेळाडू जमवतो. हे त्याला कसं सुचलं, ते तोच जाणे. सहीचं कार्ड शेवटी तिसऱ्या फेरीत माझ्याकडे आलं, आणि तेही मी उचललं म्हणून कोणी हळहळलं नाही.

पाच जणांना पाच वेगळ्या गोष्टी हव्या असतात, यावर हा सगळा डोलारा उभा आहे. एकट्यानं फोडला तर बॉक्स म्हणजे लॉटरी, आणि लॉटरीत बहुतेक वेळा हरायचंच असतं. चारचौघांत फोडला की तो बाजार होतो.

त्यामागे साधं गणित आहे. समजा, संच ५० कार्डांचा आहे, प्रत्येक कार्ड सारख्याच संख्येनं छापलंय आणि ती एकेक करून विकत घ्यायची आहेत. एकट्यानं संच पुरा करायला सरासरी २२५ कार्डं घ्यावी लागतात. त्यातली सुमारे ११४, म्हणजे निम्म्याहून जास्त, केवळ शेवटच्या पाच कार्डांपायी जातात. पहिली चाळीस-पंचेचाळीस भराभर येतात आणि मग डबलचा ढीग वाढत जातो. पानिनी कंपनीच्या २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या आल्बममध्ये ६७० स्टिकर होते. हेच गणित तिथे लावलं, तर एकट्या माणसाला ४,७०० हून अधिक स्टिकर लागतील. अदलाबदलीला कोणी सोबतीला असलं, की हा आकडा धाडकन खाली येतो. माझा डबल हा दुसऱ्याच्या शेवटच्या पाचांतला असू शकतो.

हे आपल्याकडच्या पोरांना कोणी शिकवायची गरज पडली नाही. काका सकाळी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजाराला जाऊन आले होते. पिशवीतून त्यांनी ‘बिग फन’ बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटची चित्रं काढली. पुढे खेळाडू, मागे धावा किंवा विकेट. ठरावीक धावा जमल्या, की बदल्यात बक्षीस. १९९९ मध्ये ब्रिटानियानं बिस्किटांच्या वेष्टनांवर हाच खेळ मांडला आणि वर्ल्ड कपच्या नावाखाली घरोघरी बिस्किटांचे पुडे संपू लागले. नव्वदच्या दशकातच डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्तेही होते, ज्यांत छाती, दंड आणि रँक यांवरून डाव जिंकायचा. २०१० च्या सुमारास टॉप्सची आयपीएलची ‘क्रिकेट अटॅक्स’ आली आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत पुन्हा भाव ठरू लागले: एका सोनेरी धोनीला साधे किती?

या पत्त्यांशी आपण खेळलो, त्यांना रबरबँड लावले, पाठीमागे पेननं नावं लिहिली. त्यामुळे कोऱ्या स्थितीतलं जुनं भारतीय कार्ड आज शोधून सापडत नाही. अमेरिकेत दुर्मीळपणा असाच चुकून तयार झाला होता. टॉप्सच्या १९५२ च्या बेसबॉल कार्डांतला न खपलेला साठा कंपनीच्या साय बर्गरनं १९६० मध्ये बोटीवर लादून अटलांटिकमध्ये बुडवला. त्याच मालिकेतलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. पुढे १९८० च्या दशकाअखेरीस कंपन्यांनी भरमसाट छापलं, भाव कोसळले, आणि त्यावर उतारा म्हणून टंचाईच छापायला सुरुवात झाली. आमच्या सतरंजीवरचं ‘३७/५०’ हे त्या धड्याचं फळ. समुद्रात बुडवायची गरज उरली नाही. पन्नासावर छपाई थांबवली, की झालं.

वाटप झालं, की बांधाबांध. कार्ड आधी मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत, तिला ‘स्लीव्ह’ म्हणतात, मग कडक ‘टॉपलोडर’मध्ये. घाई केली की स्लीव्हच्या तोंडाशीच कोपरा दुमडतो, आणि कोपरा गेला की मोल गेलं. परदेशी कंपन्या कार्ड भिंगाखाली तपासून त्याला दहापैकी गुण देतात. नऊ आणि दहा यांत किमतीचं मोठं अंतर पडतं. पुण्याच्या पावसाळ्यात वेगळीच पंचाईत. क्रोम कार्ड कागद आणि प्लॅस्टिकच्या थरांचं असतं. कागद दमट हवा शोषतो, प्लॅस्टिक शोषत नाही, आणि कार्ड पापडासारखं वाकडं होतं. म्हणून घरात नवे बूट आले, की खोक्यातली सिलिका जेलची पुडी आधी माझ्या कपाटात जाते.

वहीच्या पहिल्या पानावर दोन नियम ठळक लिहिलेत. त्याच दिवशी दुसरा बॉक्स फोडायचा नाही. उधारीवर बॉक्स घ्यायचा नाही. दोन्ही आयटीवाल्यानं लिहिले, मुलाला शेजारी बसवून. पाकीट फाडताना छातीत होणारी धडधड जुगाराचीच असते, हे तो लपवत नाही. “म्हणून तर मी इथे बसतो,” म्हणतो.

खर्चाचा हिशेब करायचा नाही, असंही एकदा ठरलं होतं. पुण्यात ते टिकलं नाही. काका मोबाइलवर विक्रीचे भाव बघतात, सगळ्या कार्डांची बेरीज मांडतात, आणि बॉक्सची किंमत अधिक कस्टमचा भुर्दंड त्यातून वजा करतात. याही वेळी तोटाच निघाला. त्यांनी तो पाचांत वाटून वहीत लिहिला आणि खाली नेहमीसारखी सही केली. मग मुलानं त्याचा जास्तीचा गोलकीपर काकांपुढे धरला आणि बदल्यात बार्सिलोनाचे तीन मागितले. काकांनी दोन देऊ केले. बाकरवडी हॉलमध्ये आली तरी सौदा पटला नव्हता.