साखरखेर्ड्याचे रण आणि आपला मुलूख

तामसीहून उत्तरेस गेले म्हणजे पैनगंगा लागते. आपल्या जिल्ह्याची आणि महाराष्ट्राची सीमा आखणारी ही नदी उगम पावते ती बुलढाणा जिल्ह्यात. तिच्या काठच्या मेहकरपासून फारशा दूर नसलेल्या साखरखेर्डा या गावी दि. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी एक लढाई झाली. पुढची सव्वादोनशे वर्षे आपल्या पूर्वजांनी सारा कोणाच्या खजिन्यात भरावा, हे मुख्यत्वे त्या एका दिवसाने ठरविले. पानिपत आपल्याकडील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. साखरखेर्ड्याचे नाव मात्र क्वचितच कोणाच्या कानी पडलेले असते, याचे नवल वाटते.

हा संग्राम मराठे आणि मोगल यांच्यातला नव्हे. तो मोगलांचा घरचाच कलह होता. औरंगजेब १७०७ साली वारला आणि त्याच्या साम्राज्यात भाऊबंदकीचा वणवा पेटला. बादशहा बाहुले झाले आणि सय्यद बंधू त्यांना बसवू-उठवू लागले. त्या सय्यदांच्या पक्षाला दक्षिणेत पहिला जबर तडाखा दिला तो निजामुल्मुल्काने. १७२० साली आधी खांडव्याच्या बाजूस आणि मग वऱ्हाडातील बाळापुरास त्याने त्यांचे दोन सेनापती रणात पाडले. सय्यद गेल्यावर १७२२ मध्ये महंमदशहाने त्याला वजीर केले. परंतु औरंगजेबाच्या शिस्तीत वाढलेल्या या वृद्ध सरदाराचे आणि दिल्लीच्या रंगेल दरबाराचे जमणार कसे? तरुण दरबारी त्याची टवाळी करीत. १७२३ च्या अखेरीस शिकारीचे निमित्त करून त्याने राजधानी सोडली ती दक्षिणेकडे वळण्यासाठीच.

आता दरबाराचे कपट पाहा. उघडपणे निजामाशी गोडीगुलाबी चालू ठेवून आतून बादशहाने हैदराबादच्या मुबारिझखानाला दक्षिणेची सुभेदारी देऊ केली आणि निजामाचा निकाल लावण्याची आज्ञा दिली. मुबारिझ हा कर्तबगार, अनुभवी सुभेदार होता आणि हैदराबाद सुभ्यात त्याने चांगला जम बसविला होता. म्हणजे ज्याच्या हाती बादशाही आज्ञा होती तो मुबारिझ, आणि ज्याला बंडखोर म्हणावयाचे तो निजाम! निजामाने आधी पत्रे धाडून रक्तपात टाळण्याची भाषा केली. ती अंतःकरणापासून होती की सैन्य जमविण्यास सवड मिळावी म्हणून होती, हे ज्याचे त्याने ठरवावे. मुबारिझने मात्र वेळ दवडला आणि तोवर निजाम औरंगाबादेत स्थिर झाला.

मराठ्यांनी कोणाची बाजू घ्यावी, हा साताऱ्यापुढील पेच होता. शाहूमहाराजांना चौथ-सरदेशमुखीची सनद टिकवावयाची होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बाजीराव आणि निजाम यांची धारजवळ नालछा येथे भेट झाली होती. साखरखेर्ड्याच्या लढाईत बाजीरावाचा प्रत्यक्ष वाटा किती होता, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. मात्र लढाईनंतर निजामाने त्याचा सन्मान केला. निजामाच्या फौजेत मराठे होतेच. धनाजी जाधवांचा पुत्र चंद्रसेन आणि रावरंभा निंबाळकर हे त्यांतले ठळक. जाधवांचे मूळ ठाणे सिंदखेड साखरखेर्ड्याच्या शेजारीच. जिजाऊंच्या माहेरच्या या मुलखात, त्याच जाधवकुळातला एक पुरुष मोगलांच्या गृहकलहात एका पक्षाकडून तलवार चालवीत होता!

औरंगाबादेपासून सुमारे ऐंशी मैलांवर दोन्ही फौजा भिडल्या. तोफांनी सुरू झालेली झुंज हातघाईवर आली. माहूत कोसळल्यावर मुबारिझ स्वतःच हत्ती हाकीत पुढे घुसला, असे वर्णन आढळते. तो मरेपर्यंत लढला. त्याचे दोन पुत्रही तेथेच पडले.

पुढचा प्रसंग मला या साऱ्या कथेत सर्वांत बोलका वाटतो. निजामाने मुबारिझचे शिर दिल्लीला पाठविले आणि बंडखोराचा नाश झाल्याबद्दल बादशहाचे अभिनंदन केले! ज्याच्या आज्ञेवरून तो गरीब लढला, त्याच बादशहाला ही भेट मुकाट्याने स्वीकारावी लागली. १७२५ साली दक्षिणेची सुभेदारी आणि ‘आसफजाह’ हा किताब त्याने निजामाला बहाल केला. मुबारिझचा आणखी एक मुलगा गोवळकोंडा दाबून बसला होता. त्याच्यावर तोफा न डागता निजामाने तह करून तो किल्ला घेतला. नावापुरती दिल्लीची चाकरी, प्रत्यक्षात स्वतंत्र राज्य, असा हैदराबाद संस्थानाचा आरंभ झाला. बाजीरावाशी जुळलेले सूत मात्र टिकले नाही. १७२८ मध्ये पालखेडला निजामाला त्याच्यापुढे नमते घ्यावे लागले.

त्या काळी आपल्या बाजूचा बराचसा मुलूख चांद्याच्या गोंड राजांच्या छायेत होता. पुढे तोही हैदराबादच्या कक्षेत आला. त्या राज्याची कचेरीची भाषा आधी फारसी आणि मग उर्दू. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिक्षण उर्दूतून. घरी मराठी, बाजारात तेलुगू, कचेरीत उर्दू असे तीन जिभांचे जीवन आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला आले. ‘माली पाटील’, ‘पहाणी’ हे शब्द त्याच राजवटीतले. १९४८ च्या १७ सप्टेंबरला ती संपली. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके पलीकडे गेले. आपण नदीच्या अलीकडेच राहिलो.

विजयाची खूण म्हणून निजामाने साखरखेर्ड्याचे नाव बदलून फत्तेखेर्डा ठेवले होते. ते कागदोपत्री काही काळ चालले. गावचे लोक आजही साखरखेर्डाच म्हणतात.