परदेशी स्वयंसेवक आणि सामुदायिक विकास : यजमानाच्या अधिकाराचा प्रश्न

आपला देश सोडून काही काळ परक्या देशातील खेड्यात वा वस्तीत राहावे, तेथील विहीर, शाळा, दवाखाना, शेती यांसारख्या सामुदायिक कार्यात विनावेतन अथवा केवळ निर्वाहापुरत्या भत्त्यावर सहभागी व्हावे आणि त्याबरोबरच तेथील भाषा, आहार, सण व नातेसंबंध यांचा निकट परिचय करून घ्यावा, या प्रथेस आता शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. या प्रथेच्या मुळाशी प्रारंभापासूनच दोन उद्दिष्टे एकत्र नांदत आली आहेत. एक सेवेचे व दुसरे संस्कृतिपरिचयाचे. ही दोन उद्दिष्टे परस्परपूरक आहेत असे सामान्यतः गृहीत धरले जाते. वस्तुतः ती नेहमीच परस्परपूरक असतात असे नाही. कित्येक प्रसंगी स्वयंसेवकाला मिळणारा अनुभव आणि यजमान समाजाला मिळणारा लाभ यांचे प्रमाण व्यस्त असल्याचे आढळते. ती केव्हा एकमेकांस साहाय्य करतात व केव्हा बाधक ठरतात, याचा काही निश्चित उदाहरणांच्या आधारे विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. श्रमशिबिराची परंपरा

या चळवळीचा उगम पहिल्या महायुद्धानंतरच्या युरोपात सापडतो. १९१६ च्या व्हर्दूनच्या लढाईत उद्ध्वस्त झालेल्या एन या फ्रेंच खेड्यात १९२० च्या नोव्हेंबरात पियेर सेरेसोल या स्विस अभियंत्याने निरनिराळ्या राष्ट्रांतील काही स्वयंसेवकांस एकत्र आणले. तात्पुरती घरे उभारणे व उखडलेली जमीन पुन्हा वापरण्याजोगी करणे, असे कामाचे स्वरूप होते. कालपर्यंत शत्रुराष्ट्राचे नागरिक असलेले जर्मन तरुण फ्रेंच खेड्याच्या पुनर्रचनेसाठी राबत होते, यात या प्रयोगाचे वैशिष्ट्य होते. परंतु जर्मनांच्या उपस्थितीस स्थानिक पातळीवर विरोध झाला आणि १९२१ मध्ये काम थांबवावे लागले. पुढे 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या नावाने विकसित झालेल्या संस्थेच्या इतिहासात हे शिबिर आद्य म्हणून गौरविले जाते. तथापि त्याच्या समाप्तीतील अर्थही तितकाच महत्त्वाचा आहे. ज्यांचे आप्त युद्धात मारले गेले होते, त्यांना समेटाचे हे दर्शन सहन होईलच असे नव्हते. सेवा कितीही निरपेक्ष असली, तरी ती नाकारण्याचा अधिकार यजमानाकडेच राहतो, हा धडा चळवळीला तिच्या पहिल्याच वर्षी मिळाला.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये झालेल्या भूकंपानंतर सेरेसोल भारतात आला आणि पुढील तीन वर्षांच्या काळात मुझफ्फरपूर भागात खेड्यांच्या पुनर्वसनाच्या कामात सहभागी झाला. बिहारमध्ये राबणाऱ्या हातांची वाण मुळीच नव्हती. मदतकार्याची धुरा राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखालील स्थानिक समितीने उचललेली होती. अशा ठिकाणी मूठभर युरोपीय श्रमिकांची भर पडल्याने कामाच्या परिमाणात फारसा फरक पडणे शक्य नव्हते. त्यांच्या श्रमाचे महत्त्व वेगळ्या प्रकारचे होते. राज्यकर्त्यांच्या वर्णाचा मनुष्य खेडुतांच्या बरोबरीने माती वाहतो, ही गोष्ट त्या काळी स्वतःच एक सामाजिक विधान होती.

याच प्रकारचे, परंतु अधिक बोलके उदाहरण महाराष्ट्रात वरोऱ्याजवळ सापडते. बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसह आनंदवनाची वसाहत उभारण्यास आरंभ केला, तेव्हा परिसरातील लोकांच्या मनात रोगाविषयी तीव्र भीती होती. वसाहतीत पिकलेली भाजीही घेण्यास लोक धजत नसत. १९५० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे निरनिराळ्या देशांतील तरुण स्वयंसेवक तेथे येऊन राहिले आणि त्यांनी रुग्णालयाच्या इमारतींच्या बांधकामात भाग घेतला. ही परदेशी मंडळी रुग्णांसमवेत राहतात व काम करतात, हे पाहण्यास गावातील लोक कुतूहलाने येऊ लागले आणि बहिष्काराची धार हळूहळू बोथट झाली. भिंती बांधण्याचे काम रुग्ण व स्थानिक कार्यकर्ते यांनाही करता आले असते, आणि पुढे त्यांनी ते मोठ्या प्रमाणावर केलेही. परंतु शेजाऱ्यांच्या मनातील भीती घालविण्यास त्या विशिष्ट क्षणी बाहेरचा मनुष्य उपयोगी पडला. येथे हेही लक्षात घेतले पाहिजे की, कार्याची दिशा ठरविणारे आनंदवन होते; स्वयंसेवक त्या कार्यात येऊन मिळाले होते.

२. 'जाणवलेली गरज' आणि बाहेरचा मनुष्य

सामुदायिक विकासाच्या कल्पनेत लोकांना स्वतःला जाणवलेली गरज व त्यांचा स्वतःचा सहभाग या दोन तत्त्वांना मध्यवर्ती स्थान आहे. भारतात १९४८ मध्ये उत्तर प्रदेशातील इटावा येथे अल्बर्ट मेयर या अमेरिकन नियोजनकाराच्या साहाय्याने सुरू झालेल्या पथदर्शी प्रकल्पात या तत्त्वांची चाचणी झाली, आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ झाला. पाच वर्षांनंतर, १९५७ मध्ये, बलवंतराय मेहता समितीने या कार्यक्रमाचे परीक्षण केले, तेव्हा स्थानिक पुढाकार जागृत करण्यात त्यास पुरेसे यश लाभले नाही, असाच तिचा निष्कर्ष होता. यावर समितीने सुचविलेला उपाय लोकशाही विकेंद्रीकरणाचा होता. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्यान्वित झाल्या, त्या याच विचारप्रवाहातून.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. ज्या ग्रामसेवकाची भाषा, धर्म आणि देश खेडुतांचाच होता, तोही योजना वरून घेऊन आला की लोक प्रेक्षक बनत. मग ज्याची भाषाही वेगळी आहे, अशा परदेशी स्वयंसेवकाच्या बाबतीत ही अडचण अनेक पटींनी वाढणार हे उघड आहे.

३. दोन वर्षांचा स्वयंसेवक

१ मार्च १९६१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या आदेशाने 'पीस कोअर' ही संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तिच्यासाठी कायदा संमत झाला. या कायद्यात तीन उद्दिष्टे नमूद आहेत. यजमान देशांना प्रशिक्षित मनुष्यबळ पुरविणे हे पहिले. त्या देशांतील लोकांना अमेरिकन जनतेची अधिक चांगली ओळख करून देणे हे दुसरे, आणि अमेरिकन जनतेस इतर समाजांची अधिक चांगली ओळख करून देणे हे तिसरे. तीनपैकी दोन उद्दिष्टे परस्परपरिचयाची आहेत, ही गोष्ट सूचक आहे.

परिचयाचा हा मार्ग किती नाजूक आहे, याचा प्रत्यय संघटनेस लगेच आला. १९६१ च्या ऑक्टोबरात नायजेरियातील इबादान येथे प्रशिक्षण घेत असलेल्या एका तरुण स्वयंसेविकेने लिहिलेले एक पोस्टकार्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या हाती पडले. त्यात तेथील राहणीचे वर्णन मागासलेपणाच्या भाषेत केलेले होते. नायजेरियाला स्वातंत्र्य मिळून तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. विद्यार्थ्यांनी निषेध केला व प्रकरण आंतरराष्ट्रीय वृत्तपत्रांत गाजले. स्वयंसेविकेचा हेतू दुष्ट नव्हता. परंतु आपण ज्यांचे निरीक्षण करतो, तेही आपले निरीक्षण करीत असतात, याचे भान तिला राहिले नव्हते.

भारतात पीस कोअरचे पहिले पथक १९६१ च्या डिसेंबरात पंजाबात दाखल झाले आणि १९७६ मध्ये संघटनेचे भारतातील कार्य संपुष्टात आले. या काळात चार हजारांहून अधिक स्वयंसेवक येथे येऊन गेले. त्यांपैकी बरेचसे नुकतेच पदवीधर झालेले तरुण होते व एखाद्या तंत्रात ते पारंगत असत असे नाही. कुक्कुटपालन हे त्यांच्याकडे सोपविलेल्या कामांपैकी एक प्रमुख काम होते. थोड्या महिन्यांच्या प्रशिक्षणात शिकता येण्यासारखे ते होते, हे त्यामागील एक कारण म्हणता येईल.

परंतु हेच साधे वाटणारे काम तपासून पाहिले, म्हणजे संस्कृतिपरिचयाचे खरे स्थान ध्यानात येते. सुधारित जातीच्या कोंबड्यांना खाद्य बाहेरून आणावे लागते आणि मानमोडीसारख्या रोगाविरुद्ध वेळच्या वेळी लस टोचावी लागते. अंडी शहराच्या बाजारात खराब होण्यापूर्वी पोहोचवावी लागतात. हा झाला तांत्रिक भाग. त्याखेरीज गावात कोणत्या घरी अंडे चालते व कोणत्या घरी ते निषिद्ध आहे, कोंबड्या पाळणे कोणत्या जातीचे काम समजले जाते, परसातील कोंबड्यांचा पैसा आजवर घरातील स्त्रीच्या हाती राहत असेल तर मोठ्या खुराड्याचा पैसा कोणाच्या हाती जाईल, सावकाराचे देणे असलेला मनुष्य नवे कर्ज का टाळतो, हे प्रश्न ज्याला विचारता येत नाहीत, त्याचे तंत्रज्ञान निरुपयोगी ठरते. हे प्रश्न विचारण्यासाठी भाषा लागते आणि त्यांची खरी उत्तरे मिळण्यासाठी ओळख लागते. ओटीवर बसून घेतलेला चहा, लग्नाच्या पंगतीतील हजेरी, पेरणीच्या दिवसांत कोणाला केव्हा गाठावे याची समज, हे सर्व या दृष्टीने कामाचाच भाग आहे. तात्पर्य, संस्कृतिपरिचय हे सेवेचे पारितोषिक नसून ते तिचे उपकरण आहे.

या संदर्भात लिलियन कार्टर यांचे उदाहरण उद्बोधक आहे. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या या मातोश्री व्यवसायाने परिचारिका होत्या. १९६६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्या पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून मुंबईतील विक्रोळी येथे गोदरेज वसाहतीत आल्या व सुमारे एकवीस महिने तेथे राहिल्या. आरंभी त्यांच्याकडे कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचे काम होते. पुढे त्या तेथील दवाखान्यात काम करू लागल्या. या दोन कामांतील अंतर विचारात घेण्यासारखे आहे. कुटुंबाचा आकार किती असावा, हा प्रश्न परक्या स्त्रीने येऊन सांगण्याचा नव्हे. आजारी मुलाला घेऊन दवाखान्यात आलेली आई मात्र स्वतःच्या गरजेने आलेली असते. दुसऱ्या कामात स्वयंसेविकेचे कौशल्य व वस्तीची मागणी यांची गाठ पडत होती.

४. आक्षेप

१९६८ मध्ये मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे इव्हान इलिच यांनी अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांसमोर केलेले भाषण या विषयावरील सर्वांत परखड टीका म्हणून प्रसिद्ध आहे. पाहण्यासाठी व शिकण्यासाठी अवश्य या, परंतु मदत करण्यासाठी येऊ नका, असा त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ होता. स्वयंसेवक आपल्या समाजाची जीवनपद्धती नकळत विकावयास निघालेला असतो आणि ज्यांच्यावर तो आपला सदुद्देश लादतो त्यांना त्याला नकार देण्याचे सामर्थ्य नसते, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होय. हा आक्षेप सरसकट मान्य केला, तर आनंदवनासारख्या उदाहरणांची उपपत्ती लागत नाही. परंतु नकार देण्याच्या सामर्थ्याविषयीचा त्यांचा मुद्दा निर्विवाद आहे. एन येथे ते सामर्थ्य होते. सर्वत्र ते असतेच असे नाही.

गेल्या काही दशकांत स्वयंसेवेचा जो प्रकार व्यापारी तत्त्वावर वाढला, त्यात या मुद्द्याची सत्यता अधिकच प्रत्ययास आली. येथे स्वयंसेवक प्रवासकंपनीस शुल्क देतो व एकदोन आठवड्यांसाठी जातो. शुल्क देणारा ग्राहक असल्यामुळे त्याचे समाधान हे व्यवहाराचे साध्य बनते आणि ज्या कामातून अधिक भावनिक समाधान मिळते, त्या कामाची 'गरज' निर्माण केली जाते. कंबोडियातील बालगृहांच्या बाबतीत हे स्पष्टपणे दिसून आले. तेथील शासन व युनिसेफ यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार बालगृहांतील सुमारे तीन-चतुर्थांश मुलांच्या माता-पित्यांपैकी किमान एक हयात होते. अनाथांची संख्या वाढल्यामुळे बालगृहे वाढली, असे म्हणता येत नव्हते. परदेशी पाहुण्यांकडून येणारा पैसा हे त्या वाढीचे एक कारण होते. घरी दारिद्र्य असले तरी आई असलेले मूल संस्थेत येते, दर पंधरवड्यास नव्या पाहुण्याला लळा लावते आणि पुन्हा एकटे पडते. पाहुणा मात्र संस्मरणीय अनुभव घेऊन परततो. ऑस्ट्रेलियात आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा २०१८ मध्ये संमत झाला, त्या सुमारास झालेल्या चर्चेत अशा बालगृहांचा प्रश्न प्रामुख्याने पुढे आला, यावरून त्याचे गांभीर्य ध्यानात येईल.

५. कालावधी आणि अधिकार

यावरून अल्पकालीन सेवा सर्वथा त्याज्य आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. २००६ मध्ये लोणावळ्याजवळ मळवली परिसरात जिमी कार्टर यांच्या सहभागाने 'हॅबिटाट फॉर ह्युमॅनिटी' या संस्थेचे घरबांधणीचे शिबिर झाले. सुमारे शंभर घरांसाठी देशोदेशींचे स्वयंसेवक जेमतेम आठवडाभर राबले. या संस्थेच्या पद्धतीनुसार घर मिळणारे कुटुंब स्वतः श्रम करते व घराची किंमत हप्त्यांनी फेडते. म्हणजे घर कुटुंबाचे असते आणि स्वयंसेवक केवळ त्याचा मदतनीस असतो. आईने विक्रोळीत एकवीस महिने घालविले व मुलाने मळवलीत एक आठवडा. पण दोन्ही कामांत अंतिम मागणी स्थानिक माणसाची होती. ज्या कामात माणसांशी नाते जोडावे लागते, त्यास दीर्घ काळ हवा; ज्यात विटा रचावयाच्या असतात, त्यास थोडा काळही पुरतो. मात्र मुलांचे संगोपन विटांप्रमाणे हाताळले गेले, म्हणजे अनर्थ होतो.

म्हणून अशा कोणत्याही उपक्रमाचे मूल्यमापन करताना अभ्यासकाने चार प्रश्न विचारणे इष्ट ठरेल. कामाची मागणी प्रथम कोणी केली? तेच काम करू शकणारा स्थानिक मनुष्य उपलब्ध असूनही तो डावलला जात नाही ना? स्वयंसेवक परतल्यानंतर ते काम कोण चालविणार? आणि यजमानाला स्वयंसेवक नाकारता येतो काय? या चारांतील शेवटचा प्रश्न निर्णायक आहे, कारण उरलेल्या तिहींची प्रामाणिक उत्तरे त्यावरच अवलंबून असतात.

स्वयंसेवेचा प्रवाह आता एकाच दिशेने वाहत नाही, हीही नोंद आवश्यक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये स्थापन केलेल्या स्वयंसेवक कार्यक्रमात आज बहुसंख्य स्वयंसेवक विकसनशील देशांतीलच असतात. यजमान म्हणून ज्या समाजांनी हा अनुभव घेतला, त्यांचे तरुण आता पाहुणे म्हणून इतरत्र जात आहेत. अशा तरुणाजवळ एक मोठे भांडवल असते. दाराशी आलेल्या परक्या हितचिंतकाकडे खेडे कोणत्या नजरेने पाहते, याची स्मृती त्याच्या समाजात अद्याप ताजी आहे. परदेशी जाताना त्याने ती बरोबर न्यावी, एवढी अपेक्षा त्याच्याकडून करणे अप्रस्तुत होणार नाही.